महासत्ता कोणाच्या कापसावर उभी राहिली?



मागच्या महिन्यात वाशिमला एका कॉलेजात व्याख्यान झाले. विषय होता, 'विश्वगुरू भारत ते महासत्ता भारत'. आम्ही चौघेजण मुद्दाम जाऊन मागच्या बाकावर बसलो. वक्त्यांनी सुरुवातच वाशिमपासून केली. तुमचे वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक सम्राटांची राजधानी. त्या काळी भारत जगाचा गुरू होता, घराघरातून सोन्याचा धूर निघत होता. मग परकीय आले आणि सगळे वैभव लुटून घेऊन गेले. आता पुन्हा ते दिवस येत आहेत, तरुणांनी फक्त जात, आरक्षण असल्या क्षुल्लक गोष्टीत अडकू नये. टाळ्या पडल्या. आपल्या मुलांनीही वाजवल्या. बाहेर आल्यावर मंगरूळपीर तालुक्यातला, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आम्हाला म्हणाला, "दादा, तवा सोन्याचा धूर निघत होता, तं मंग आपण कुठी होतो?"

वक्त्यांच्या दीड तासापेक्षा हा एक प्रश्न मोठा आहे. त्याला पोर्चमध्ये उभ्या उभ्या उत्तर देणे आम्हाला जमले नाही. म्हणून हा लेख.

आधी वत्सगुल्म घेऊ. वाशिम ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती, यात वाद नाही. पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने चौथ्या शतकात ही शाखा सुरू केली. पुढे पाचव्या शतकात याच घराण्यात हरिषेण झाला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळा क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले आणि भिक्खूसंघाला दान दिले. तसा शिलालेख त्या लेण्यात आजही आहे. म्हणजे ज्या वाकाटकांच्या नावाने छाती फुगवली जाते, त्यांच्या काळातली जी गोष्ट पाहायला जपानपासून जर्मनीपर्यंतची माणसे आज विमानाने येतात, ती गोष्ट बुद्धाची आहे. व्याख्यानात अजिंठा दोनदा आला. बुद्ध एकदाही आला नाही. आम्ही मोजत होतो.

आता दुसरी बाजू. १९३९ साली वाशिमलाच एक ताम्रपट सापडला. तो याच शाखेच्या दुसऱ्या विंध्यशक्ती राजाचा, त्याच्या सदतिसाव्या राज्यवर्षातला. त्यात काय आहे? नांदेडकडच्या भागातले एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेचा, अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट तर याहून प्रसिद्ध. त्यात दुसऱ्या प्रवरसेनाने एक हजार ब्राह्मणांना आठ हजार भूमी इतकी जमीन दिली आहे. या दानपत्रांत गावाला मिळणाऱ्या सवलतींची एक ठरावीक यादी असते. या गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत. गावाला फुले आणि दूध द्यावे लागणार नाही. गवत, कातडे आणि कोळसा पुरवावा लागणार नाही.

मित्रांनो, इथे थांबा. दान मिळालेल्या गावाला कातडे देण्यातून सूट मिळते, याचा अर्थ बाकीच्या गावांवर कातडे देण्याची सक्ती होती. ते कातडे कोण काढत होते? राजाचा अधिकारी गावात मुक्कामाला आला की कोळसा आणि गवत कोणाच्या डोक्यावरून येत होते? त्यांचे नाव ताम्रपटावर नाही. दान घेणाऱ्यांची नावे मात्र गोत्रासकट आहेत. मंगरूळपीरच्या त्या मुलाला आमचे पहिले उत्तर हे: आपण तेव्हा त्या सवलतींच्या यादीच्या पलीकडे होतो. ज्यांना सूट नव्हती, त्यांच्यात.

आपल्यातले काही मित्र लगेच म्हणतील की आपण तर नागवंशी राजे होतो, तुम्ही आपल्याला कातडे काढणाऱ्यांत कशाला बसवता? असू राजे. पण राजाचा वंशज असल्याचे सिद्ध करून मान मिळवायचा, ही रीत त्या व्याख्यात्याची आहे. आपली नाही. बाबासाहेबांनी आपल्याला माणूस म्हणून उभे केले. वंशावळ दाखवून नाही.

आता वक्त्यांचे दुसरे वाक्य: परकीय आले आणि लुटून नेले. हे वाक्य अर्धे खरे आहे, म्हणून जास्त घातक आहे. त्याचा हिशेब मांडायला वाशिमसारखा दुसरा जिल्हा नाही. कारण जगातल्या एका महासत्तेच्या उभारणीत या मातीचा कापूस आहे. आणि पुढे दुसऱ्याही एका महासत्तेच्या.

इंग्लंड महासत्ता कसे झाले? शाळेच्या पुस्तकात वाफेचे इंजिन येते, कताईची यंत्रे येतात, पार्लमेंट येते. यंत्रे आली हे खरेच. पण यंत्राला घालायला कापूस लागतो आणि लँकेशायरमध्ये बोंडभर कापूस पिकत नाही. १८६० च्या सुमारास इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांश अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून येत होता. तो पिकवत होते गुलाम. अमेरिकेत तेव्हा सुमारे चाळीस लाख माणसे गुलाम होती. मँचेस्टरची चिमणी इंग्लंडमध्ये होती, तिचा पाया मिसिसिपीच्या शेतात, चाबकाखाली होता. महात्मा फुल्यांना हे नीट कळले होते. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिताना त्यांनी ते पुस्तक गुलामी मोडून काढणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. पुण्यात बसून एका माणसाने शूद्रातिशूद्रांची गुलामी आणि काळ्यांची गुलामी एकाच दोरीला बांधली.

१८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली. दक्षिणेची बंदरे कोंडली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या. तेव्हा मँचेस्टरवाल्यांनी नकाशावर बोट ठेवले ते आपल्या वऱ्हाडावर.

वऱ्हाड त्यांच्या हातात आधीच आलेले होते. १८०३ च्या नोव्हेंबरात अकोल्याकडे अडगावला आणि डिसेंबरात गाविलगडावर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांना हरवले आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. मग १८५३ साली फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाकडून तोच मुलूख कंपनीने आपल्या ताब्यात घेतला. १९०२ साली तर वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने. सावकार कर्जापोटी शेत लिहून घेतो ना, तसाच हा व्यवहार. फक्त शेत म्हणजे अख्खा वऱ्हाड. त्यात बासीम हा तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यात घातला आणि पुन्हा वाशिम म्हणून वेगळा झाला तो १९९८ साली.

कापसाचा भाव चढला. जो तो कापूस लावू लागला. १८६५ ला अमेरिकेतले युद्ध संपले आणि भाव कोसळले, पण तोवर वऱ्हाडची गाडी कापसाच्या रुळावर चढलेली होती. १८६७ ला मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० ला खामगावची शाखा सुरू झाली तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. एका तालुक्याच्या बाजारपेठेसाठी व्हाइसरॉय! मँचेस्टरला ती बाजारपेठ किती मोलाची होती ते यावरून समजा.

आणि आता जे सांगतो ते प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे. त्या काळात मध्यप्रांत आणि वऱ्हाडसाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा कापूस कमिशनर नेमला होता. रेल्वे आली की विलायती कापड स्वस्तात आत येईल, इथले कातणारे आणि विणणारे त्याच्यापुढे टिकणार नाहीत, आणि मग ती माणसे शेतात मजूर म्हणून कापूस पिकवायला मोकळी होतील, अशी त्याची उघड अपेक्षा होती. ती त्याने सरकारी कागदावर लिहून ठेवली. चुकून झालेले नुकसान नव्हे हे. ठरवून केलेली योजना होती.

कातणारे आणि विणणारे म्हणजे कोण? विदर्भात आणि मध्यप्रांतात जाडेभरडे कापड विणणे हा आपल्या महार समाजाचा एक मोठा धंदा होता. मेलेले ढोर ओढणे आणि गावकी एवढेच आपल्याकडे होते, हे चित्र विदर्भापुरते तरी अपुरे आहे. घरात सूत होते, माग होता, हाताला कसब होते. ते कसब मँचेस्टरच्या ठाणांनी मोडले आणि माणूस पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर गेला. ज्या हातांनी कापड विणले जात होते, ते हात दुसऱ्याच्या शेतात बोंडे वेचू लागले. उरलेसुरले विणकर आणि त्यांची पोरे नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये गेली. ती मिल १८७७ ची.

आपलेच एकटे गेले असे नाही. या जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, गावोगावी बंजारा समाजाचे तांडे आहेत. रेल्वेच्या आधी या देशाचा माल कोणाच्या बैलांवरून जात होता? लमाणांच्या. धान्य, मीठ, कापूस, सगळी लदेणी त्यांची. रुळ पडले आणि तो धंदा गेला. धंदा गेला तो गेला, वर १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि भटके समाज एकामागून एक जन्मजात गुन्हेगार ठरवले जाऊ लागले. त्या यादीत पुढे बंजाराही ओढले गेले. तो कायदा गेला १९५२ साली, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. ज्यांनी महासत्तेचा माल वाहिला, त्यांना महासत्तेने पोलीस ठाण्यात हजेरीला लावले. आज तांड्यातल्या पोराला आणि बौद्धवाड्यातल्या पोराला एकमेकांसमोर उभे करणारे राजकारण इथे जोरात चालते. त्यांनी दोघांनी मिळून हा एक परिच्छेद वाचावा, इतकीच आमची अपेक्षा.

आपल्या जिल्ह्यात या सगळ्याची उघड्यावर पडलेली खूण कारंजाला आहे. शकुंतला रेल्वे. मूर्तिजापूर ते यवतमाळ, कारंजा आणि दारव्ह्यावरून जाणारी अरुंद रुळांची गाडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या इंग्रजी पेढीने ती कशासाठी टाकली? तुम्हाआम्हाला लग्नाला जाता यावे म्हणून नाही. कारंजा आणि यवतमाळकडची रुई मूर्तिजापूरला मोठ्या लाइनवर आणायची, तिथून मुंबई, मुंबईहून जहाजात. तिचे वाफेचे इंजिन मँचेस्टरला बांधलेले, ते १९९४ पर्यंत या रुळांवर धावले. कापूस मँचेस्टरला, इंजिन मँचेस्टरचे! सगळ्यात कडू गोष्ट पुढेच आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला देशातल्या रेल्वे कंपन्या सरकारने एकत्र केल्या, त्यात ही लाइन राहून गेली. देश स्वतंत्र होऊन कितीतरी दशके झाली तरी रुळ त्या जुन्या कंपनीचे आणि त्यावर गाडी चालवायचे पैसे भारतीय रेल्वे भरते, असा प्रकार चालू राहिला. आता गाडी बंद आहे, रुळांवर गवत आहे. महासत्तेची भाषणे ठोकणाऱ्यांनी एकदा कारंजा स्टेशनवर उभे राहून भाषण करावे. आम्ही ऐकायला येऊ, चहाही आमच्याकडून.

म्हणजे वक्त्यांचे खरेच ना, परकीयांनी लुटले? लुटले. पण कारंज्याच्या शेतातल्या मजुरापासून लिव्हरपूलच्या बाजारापर्यंत कापूस आपल्या पायांनी चालत गेला नाही. मधे पाटील होता, सावकार होता, अडत्या होता, मुंबईचा दलाल होता. व्याज लावणारा इंग्रज नव्हता. माप मारणारा इंग्रज नव्हता. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली, आणि ज्या मातीत ज्वारी पिकायची तिथे कापूस उभा केलेला होता. त्या कापसाचा पैसा सगळाच्या सगळा लंडनला गेला नाही. वऱ्हाडातले वाडे कशावर उभे राहिले ते वाड्यांना विचारा. 'परकीय' हा एकच शब्द वापरला की हे सगळे मधले लोक देशभक्त होऊन जातात. त्या भाषणात इंग्रज होते, मोगल होते. सावकार नव्हता.

फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो इंग्रजांवर आणि भटशाहीवर एकाच वेळी ओढलेला असूड होता. एक हात इंग्रजावर आणि दुसरा त्याच्या कचेरीत बसलेल्या कारकुनावर. आपल्याला तोच असूड वारशात मिळाला आहे.

आता आमच्या घरातल्या लोकांशी थोडे भांडू. आपल्या चळवळीत एक मत मोठ्या आवाजात सांगितले जाते की इंग्रज आले म्हणून आपण वाचलो, ते आपले मुक्तिदाते. हे म्हणणाऱ्यांचा राग आम्हाला येत नाही. पेशवाईत ज्यांच्या गळ्यात मडके होते, त्यांच्या नातवंडांना पलटणीची वर्दी म्हणजे काय वाटली असेल ते आम्हाला कळते. १ जानेवारी १८१८ ला भीमा नदीच्या काठावर आपली माणसे लढली आणि त्या स्तंभापुढे आम्हीही दरवर्षी उभे राहतो. रेल्वे, गिरणी, छावणी यांनी गावकीच्या बाहेर पडायला वाट दिली. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार झाले ते त्याच वाटेने.

पण हिशेब पूर्ण मांडा. ज्या फौजेने ब्रिटिशांना हा देश मिळवून दिला, त्या फौजेत महारांची भरती ब्रिटिशांनीच १८९२ साली बंद केली. गरज संपली, वर्दी संपली. १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेत, लंडनमध्ये, ब्रिटिश पंतप्रधानांच्या समोर उभे राहून बाबासाहेबांनी हेच विचारले. तुम्ही येण्याआधी आमची जी स्थिती होती ती दीडशे वर्षांत किती बदलली? विहीर बंद होती, ती उघडली का? देऊळ बंद होते, ते उघडले का? पोलिसात, सैन्यात घेत नव्हते, आता घेता का? आणि तेवढ्यासाठी त्यांनी स्वराज्याची मागणी केली. इंग्रजांचे आभार मानायला गेलेला माणूस असे बोलत नाही.

त्याच्याही आधीची गोष्ट आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असते. १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली तिथे एम.ए.साठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय काय? ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था. चोवीस वर्षांचा एक महार मुलगा कंपनीची वहीखाती उघडून बसला. किती महसूल गोळा झाला, किती पैसा युद्धांवर गेला, किती इंग्लंडला गेला, इथल्या लोकांच्या पदरात रस्ते-कालवे म्हणून काय पडले. निष्कर्ष असा की हिंदुस्थानाने इंग्लंडला दिले ते अफाट आणि इंग्लंडने हिंदुस्थानाला दिले ते नगण्य. एवढे लिहून पुढच्याच वर्षी, १९१६ ला, त्याच विद्यापीठात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. आधी इंग्रजाचा हिशेब, मग ब्राह्मणी व्यवस्थेचा. दोन्ही वह्या एकाच टेबलावर उघड्या. आमचे म्हणणे इतकेच आहे की आपण दोन्ही वह्या उघड्या ठेवाव्या. विश्वगुरूवाले दुसरी वही लपवतात. आपल्यातले काही पहिली.

मग एखादा देश महासत्ता होतो तो फक्त लुटीनेच का? नाही, आणि इथे ती दुसरी महासत्ता येते. जपान.

अमेरिकेतले युद्ध संपल्यावर लँकेशायरला आपल्या आखूड धाग्याच्या कापसाची फारशी गोडी राहिली नाही. त्यांना लांब धागा हवा होता. 'उमरा' नावाने ओळखला जाणारा हा वऱ्हाडी कापूस मग युरोपातल्या इतर देशांत आणि पुढे मोठ्या प्रमाणात जपानला जाऊ लागला. १८९३ ला मुंबई ते कोबे अशी जपानी जहाजांची नियमित फेरी सुरू झाली. ओसाकाच्या गिरण्यांनी हा स्वस्त कापूस घेतला, त्याचे सूत केले आणि आशियाची बाजारपेठ जिंकली. १९०५ साली जपानने रशियाला हरवले तेव्हा सगळे जग दचकले.

आता विचारा, कच्चा माल आपला, जमीन आपली, वेचणारे हात आपले. मग वऱ्हाडात ओसाका का झाले नाही? इंग्रजांनी होऊ दिले नाही, हे पहिले उत्तर आणि ते बरोबर आहे. १८९६ साली इथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली गेली, केवळ मँचेस्टरला स्पर्धा नको म्हणून. जपान कोणाचा गुलाम नव्हता.

पण दुसरे उत्तर वक्ते कधी देणार नाहीत. जपानमध्येही अस्पृश्य होते. कातड्याचे काम करणारे, मेलेली जनावरे ओढणारे, वेगळ्या वस्तीत राहणारे, ज्यांना आज बुराकुमिन म्हणतात. १८७१ साली जपानी सरकारने हुकूम काढून त्यांचा तो हीन दर्जा कायद्याने रद्द केला. १८७२ ला शिक्षणाचा कायदा करून गावोगावी सगळ्या मुलामुलींसाठी शाळा काढायला घेतल्या. हुकमाने जात गेली असे आम्ही म्हणत नाही. बुराकुमिनांना पुढेही छळ सोसावा लागला आणि १९२२ ला त्यांनी आपली स्वतःची चळवळ उभी केली. जपानी गिरण्यांतल्या मुलींचे हाल कुत्र्याने खाऊ नयेत असे होते, आणि तोच जपान पुढे कोरियाच्या छातीवर बसला. आम्हाला जपानची आरती करायची नाही. पण महासत्ता व्हायला निघालेल्या देशाने पहिली दोन कामे कोणती केली, ते बघा.

इकडे १८८२ ला जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले की प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शूद्रातिशूद्रांच्या कराचा पैसा वरच्या जातींच्या कॉलेजांवर उडवू नका. ऐकले कोणी? गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९११ चे, ते बारगळले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला आपल्या संस्थानापुरते करून दाखवले. आणि देशपातळीवर मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क लागू झाला तो १ एप्रिल २०१० ला. जपानचे १८७२ आणि आपले २०१०. एकशे अडतीस वर्षे. सोन्याचा धूर नेमका कुठे गेला हे शोधायचे असेल तर या एकशे अडतीस वर्षांत शोधा. त्यातली पंच्याहत्तर वर्षे इंग्रजांची. उरलेली त्रेसष्ट आपल्याच लोकांची.

अमेरिकेचेही तेच. गुलामांच्या घामावर ती श्रीमंत झाली, पण १८६२ ला, युद्ध चालू असतानाच, त्यांनी सरकारी जमिनी देऊन शेतीची आणि यंत्रविद्येची कॉलेजे काढायचा कायदा केला आणि पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीला गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढला. काळ्यांना जमीन मात्र मिळाली नाही, आणि त्याची किंमत तो देश अजून चुकवतो आहे. जमीन न देता दिलेली मुक्ती म्हणजे काय, हे गायरानाच्या दाव्यांत तहसीलच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या माणसांना कोणी शिकवायला नको.

म्हणून बाबासाहेबांनी १९४७ ला 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये शेती राज्याच्या मालकीची करून गावकऱ्यांना जात-पात न बघता सामुदायिकरीत्या कसायला द्या, मूळ उद्योग राज्याच्या हातात ठेवा, असे मांडले. ते कोणी घेतले नाही. दादासाहेब गायकवाडांना १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांसाठी रस्त्यावर उतरावे लागले, हजारोंना तुरुंगात जावे लागले.

आणि आज? जानेवारी २०१८ ला केंद्र सरकारने देशातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांची यादी काढली. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात आले: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशिम. त्यांना मागास म्हणायला लाज वाटली म्हणून नाव दिले 'आकांक्षित'. त्याआधी २००६ ला पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिले, त्यातही वाशिम होतेच. दोन महासत्तांना कापूस पुरवलेला जिल्हा आज आकांक्षा बाळगून आहे. कापसाच्या जागी आता सोयाबीन आले, बाजार समितीच्या ओट्यावर माप तेच.

राहिला 'क्षुल्लक गोष्टींचा' मुद्दा. आरक्षण, शिष्यवृत्ती, जात. २०२२ साली केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या परदेशी शिष्यवृत्तीचे नवे नियम काढले. त्यात भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय घेऊन परदेशात शिकायला जाणाऱ्यांना शिष्यवृत्ती मिळणार नाही असे घातले. भारताचा अभ्यास भारतातच होऊ शकतो, म्हणे. हा नियम १९१३ ला असता तर ईस्ट इंडिया कंपनीचा हिशेब आणि 'भारतातील जाती' हे दोन्ही विषय घेऊन बाबासाहेब कोलंबियाला जाऊ शकले नसते. विश्वगुरूंना आपल्याच इतिहासाचा शोध परदेशात बसून एका दलित मुलाने घ्यायला नको आहे. ताम्रपटावरची सवलतींची यादी कोणीतरी नीट वाचेल, ही भीती आहे.

तर मंगरूळपीरच्या मित्रा, 'आपण कुठी होतो' या तुझ्या प्रश्नाचे इतके उत्तर आम्हाला जमले. बाकीचे तुला शोधायचे आहे. तुझ्या आजीला विचार, ती कोणत्या जिनात सरकी निवडायला जायची, किती वाजता भोंगा व्हायचा, बाईला किती आणि माणसाला किती हजेरी मिळायची. तुझ्या पणजोबाच्या घरी माग होता का, ते विचार. आमच्यातल्या एकाच्या घरी माळ्यावर मागाचा धोटा निघाला. तो इतकी वर्षे काय आहे हे कोणालाच माहीत नव्हते, लहान पोरे त्याची होडी करून खेळत होती.

येत्या रविवारी सकाळी नऊला विहारात आम्ही बाबासाहेबांचा तो १९१५ चा प्रबंध वाचायला घेत आहोत. इंग्रजी आहे, आकडे पुष्कळ आहेत, पहिल्या दिवशी दोन पानांच्या पुढे जाणार नाही. येताना एक वही आणि शब्दकोश आणा. तांड्यावरच्या मित्रांनाही सोबत घेऊन या.